रेघेच्या आतलं आमचं शेत

उन्हाळा आला की मला चौकोन दिसायला लागतात.

मोहफुलं वेचून झालेली असतात. गावाबाहेर तेंदूपत्त्याची फळी लागते, म्हणजे तोडलेल्या पानांचे पुडे बांधून मोकळ्या मैदानात उन्हाला मांडतात, रांगेला रांग लावून. जवळून बघितलं तर पानं, देठ आणि बांधलेली सालीची दोरी. तलावाच्या पाळीवर चढून लांबून बघितलं तर सगळं मैदान चौकटीचौकटीचं. काही चौकटी अजून हिरव्या, काही तांबूस, काही पार वाळलेल्या. दुसऱ्या कुणाला गोधडी आठवली असती. मला रास्टर आठवतं.

रास्टर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जमिनीचे सारखे चौकोन पाडायचे आणि दर चौकोनात एक आकडा ठेवायचा. आमच्या कामात तो आकडा उंचीचा, उपग्रहाने वरून मोजलेला. त्यात जात नाही, सातबारा नाही, कोण कुणाकडे कामाला जातो तेही नाही. कोण किती उंचावर, एवढंच. मग सॉफ्टवेअर दर चौकोनाला विचारतं, तुझ्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यात खाली कोण? तुझं पाणी त्याला दे. या एका नियमावर अख्खं खोरं उलगडत जातं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हरखले होते. म्हटलं, वरच्याने खालच्याला द्यायचं, हा तर आपलाच जाहीरनामा आहे. तेव्हा आपण स्वतः कुठल्या चौकोनात उभ्या आहोत हे मी बघितलं नव्हतं.

आता मी हे शिकवते. कष्टकऱ्यांच्या संघटनेकडून आरमोरीच्या आतल्या गावांत जाते, कधी लांब मुलचेऱ्याकडे, तिथल्या बंगाली वस्त्यांत. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधायची, त्यावर नकाशा टाकायचा. लोक मला नकाशावाली ताई म्हणतात. मी बटण दाबते, पाणलोटाची रेघ उमटते, आणि माणसं उठून पुढे येतात. गाव कुठलंही असो, आधी जो तो आपलं शेत शोधतो. बोट लावून म्हणतो, हे पाहा, हे माझं, रेघेच्या आत आलं. त्याला आनंद होतो. माझी मान खाली जाते. समोरच्यांना वाटतं, ताई लॅपटॉपमध्ये काहीतरी बघून राहिल्या.

*

त्या उन्हाळ्यात आमच्या गावचा तलाव सलग दुसऱ्यांदा तळाला गेला. मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, म्हणून मामा. लहानपणी मला वाटायचं, हा खरंच कुणाचा तरी मामा असेल, आणि त्याच्याकडे जाताना आम्ही काहीतरी खाऊ मागायचो. त्या तलावावर दोन प्रकारची माणसं जगतात. पाळीखालचे धानवाले आणि पाण्यातले ढिवर. धानवाले म्हणजे आम्ही. ढिवरांची घरं तलावाच्या शेपटाला, आणि मासेमारी त्यांच्या सोसायटीकडे. पावसाळ्यात माशांचं बीज सोडायचं, वर्षभर राखायचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेवटचं जाळं ओढायचं.

सोसायटीचे म्होरके सोमाभाऊ. काळे, उंच, मस्करीखोर. मी शाळेत असल्यापासून सगळ्यांशी भांडायची म्हणून त्यांनी माझं नाव वकीलबाई ठेवलेलं. पाळीवरून जाताना हाक यायचीच: आज कोनाची केस हाये वकीलबाई? मीही खरंच कुणाची तरी केस सांगायची. मास्तरांची, कोतवालाची, शेजारच्या बकरीची. ते जाळं विणताविणता ऐकून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. बकरी निर्दोष, कोतवाल दोषी.

तलाव आटला तशी त्यांच्याकडची घरं एकेक करून तेलंगणात मिरची तोडायला जायला लागली. आधी हंगामापुरती, मग हंगाम संपला तरी काही परतेनात. सोमाभाऊंचा मुलगा आणि सून गेले. सोमाभाऊ आणि त्यांची बायको कौसल्याबाई मागे राहिले. तिसऱ्या वर्षीही तलाव भरला नाही तर सोसायटी मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पाण्यावर हात चालवणारी माणसं परक्या मुलखात मिरचीने बोटं जाळून घेणार.

आणि दोषी समोर उभा होता. नवा रस्ता. पाळीवर उभं राहिलं की डावीकडे त्याचा उंच भराव दिसायचा, लाल मुरमाची लांब भिंत. रस्ता झाला त्याच वर्षी तलाव आटायला लागला. गावाचं एकमत होतं, आणि माझं तर गावाच्या आधीच झालं होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. संघटनेत मला पहिला धडा मिळाला तो हा, की चोर मथळ्यात दिसला पाहिजे. वाचणारा टपरीवर उभा असतो, त्याचा चहा संपायच्या आत त्याला राग यायला हवा. मी लिहिलं, 'रस्त्याने तलाव गिळला'. खाली चार मागण्या आणि उद्गारचिन्हं. पत्रक छापून वाटूनही झालं. मग रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, पुरावा आणा. तलावाचं पाणी कुठून येतं आणि रस्ता ते कुठे अडवतो ते नकाशावर दाखवा. आमच्याकडे हे असंच चालतं, पत्रक आधी आणि पुरावा मागून. मी साहेबांना म्हटलं, दाखवते.

*

माझी मैत्रीण रजनी घुग्घुसला राहते. कॉलेजात आम्ही एका खोलीत होतो. तिचे वडील कोळसा खाणीत, आणि ती घरी बसून लोकांचे नकाशे करून देते. तिच्याकडे राहायला गेले ती ऐन वैशाखात. खिडकीखालून ट्रक जायचे, शिफ्ट सुटली की मोटरसायकलींचा लोंढा, आणि मग परत ट्रक. कीबोर्डच्या फटींत काळी भुकटी बसायची, सकाळी पुसली की दुपारी पुन्हा. कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा करडं. बाहेर जीभ टाळूला चिकटेल असं ऊन आणि आत आम्ही दोघी पडद्यावर पाणी वाहवत बसलेल्या. हसू यायचं. घरातल्या नळाला एक दिवसाआड पाणी, आणि आमच्या बोटांखाली आख्खं खोरं वाहतंय.

पहिली पायरी खळगे बुजवायची. सॉफ्टवेअरला खळगा ही चूक वाटते. ज्या चौकोनाच्या भोवती सगळेच उंच, त्याचं पाणी पुढे जात नाही आणि हिशेब अडतो. म्हणून अशा चौकोनाला भरत भरत शेजाऱ्याइतका उंच करायचा, पाणी पुढे सरकेपर्यंत. मी बटण दाबलं आणि आमचा तलाव बुजला. आजूबाजूच्या गावांचे तलाव, शेतांतल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, सगळं एका दमात सपाट. मी रजनीवर भडकलेच. म्हटलं, आमचा अख्खा मुलूख खळग्यांवर जगतो आणि तुझं हे यंत्र त्यालाच चूक म्हणतं? कुणी लिहिलंय हे? रजनी चहा गाळत होती. म्हणाली, गणितापुरतं हाये वो, खरं थोडी कोनी बुजवून राह्यलं.

मग दर चौकोनाची दिशा. मग कुठल्या चौकोनात किती चौकोनांचं पाणी जमतं ते. जिथे जास्त जमतं तिथे उजळ होत जातं, म्हणून काळ्या पडद्यावर हळूहळू पांढऱ्या शिरा दिसायला लागतात. शेवटी पाणी जिथे येऊन पोचतं तिथे बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथवर कुणाकुणाचं पाणी येतं? मी घाईघाईत तलावाच्या मधोमध टिचकी मारली. उत्तर आलं टपालाच्या तिकिटाएवढं. अख्ख्या तलावाला चार चौकोनांचं पाणी. रजनी इतकी हसली की तिची आई आतून बघायला आली. शिरेवर नेमकं बोट पडलं नाही तर असं होतं. एका चौकोनाचा फरक आणि खोरं हातातून जातं.

दुसऱ्यांदा बोट नेमकं ठेवलं. रेघ उमटली. पळसाच्या पानासारखा आकार, मागे टेकडीचं जंगल, मध्ये झुडपी रान, देठाशी तलाव. इतका सुरेख की मी टाळी वाजवली. मग रजनीने त्यावर रस्ता टाकला.

रस्ता रेघेच्या बाहेर होता.

टेकडीची एक सोंड मध्ये येते. तिच्या पलीकडचं पाणी दुसऱ्याच नाल्याने वैनगंगेकडे जातं. रस्ता पलीकडे. पाळीवरून तो जवळ दिसतो, पण त्याने अडवलेला एक थेंबही आमच्या तलावाचा नव्हता. मी म्हटलं, पुन्हा कर. रजनीने पुन्हा केलं. मी म्हटलं, उंचीचा दुसरा पट घे. तिने दुसऱ्या उपग्रहाचा घेतला. रेघ इकडेतिकडे एखादा चौकोन हलली, सोंडेच्या पलीकडे काही गेली नाही. मी सगळं नव्याने करायला सांगितलं तेव्हा तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "तूच कर. पन याले तुहं पत्रक वाचता येत नाई."

मग रेघेच्या आत बघणं आलं. टेकडीवरून उतरणाऱ्या सगळ्या शिरा एका ठिकाणी जुळतात आणि तिथून एकच जाड पांढरी रेघ तलावाकडे जाते. त्या जुळण्याच्या जागेवर रजनीने उपग्रहाचा फोटो टाकला. हिरव्या-करड्या झुडपात एक नीट आखलेला तुकडा, बांधांच्या चौकटी, आणि वरच्या टोकाला चकाकणारा एक गोल डोळा. उन्हाळ्यातला फोटो, तरी त्या डोळ्यात पाणी होतं.

मी ओळखलं. आमची वरची बांधी. आमची बोडी.

*

बांधी म्हणजे चारी बाजूंनी पाळ घातलेला धानाचा तुकडा. ही वरची बांधी माझ्या जन्माच्या आसपासची. आधी तिथे झुडपी होती आणि मधून नाला. बाबांनी आणि आजोबांनी झुडपी मोडली, नाल्याला पाळ घातली, वर बोडी केली. माझ्या लहानपणीच्या सगळ्या चांगल्या आठवणी तिथल्या आहेत. श्रावण कोरडा जायचा, लोकांचे परहे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडायची, आणि आमच्या बांधीत घोटाघोटा पाणी. माणसं बघायला यायची. बाबांच्या हुशारीचं कौतुक व्हायचं. मी पाळीवर बसून पाय पाण्यात सोडायची आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांची गाणी ऐकायची. त्या बायांत कौसल्याबाई असायच्या. पाठ वाकवून, ओळीत, मागे मागे सरकत. मला आपलं शेत श्रीमंत वाटायचं. ते पाणी खालच्या तलावाचं आणि कौसल्याबाईंच्या घरचं आहे, असं तेव्हा कुणी मला म्हटलं असतं तर मी त्यालाच चोर म्हटलं असतं.

त्या धानावर मी शिकले. 'कष्टकऱ्यांचं पाणी पळवणाऱ्यांनो' अशी सुरुवात करून जी पत्रकं लिहिली, ती लिहिणारा हात त्या धानावर वाढला.

आणि रस्त्याचं वर्ष? तेही रजनीच्या खोलीतच आठवलं. भरावाला मुरूम हवा होता. बाबांनी बोडीतून उचलायला परवानगी दिली. यंत्रं आली, बोडी दुप्पट खोल झाली, उरलेल्या मातीने पाळ उंच झाली, तेही फुकट. त्या वर्षी घरी सगळे खूश होते. मी सुट्टीत गेले तेव्हा बाबांनी हौसेने नेऊन दाखवली होती बोडी. तलाव त्याच वर्षापासून आटला, कारण टेकडीचं पाणी आधी आमची बोडी भरायचं, मग बांधी, आणि उरलं तर तलाव. कमी पावसात उरायचंच नाही.

मी यातूनही रस्त्याला दोषी धरायचा प्रयत्न केला. बसमध्ये, चंद्रपूर, मूल, गडचिरोली करत येताना मनात मथळे जुळवले. 'रस्त्याच्या मुरुमाने केला घात'. बरा वाटला. मग खिडकीबाहेर बघत बसले. अंगावर घुग्घुसची भुकटी होती, रुमालाने पुसली की आणखी पसरायची.

*

बाबांना मी नकाशा दाखवला. त्यांचं जेवण झालं होतं, ते खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यांसारखं आधी आपलं शेत शोधलं. सापडल्यावर लहान मुलासारखे हसले. हे पाह्य, आपली बोडी. आईला हाक मारून दाखवली.

मी समजावून सांगितलं. पांढरी रेघ कुठून येते, कुठे जाते, कुठे अडते. बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, पाणी आपल्या शेतात येते म्हणून थांबवतो, कोनाच्या घरून तं आणत नाई. थांबलं की पिकतं, पिकलं की बायांना काम. मग चष्मा काढून विचारलं:

"पान्यावर काय सोमाचं नाव लिहून हाये?"

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटून बोलणारी मुलगी. मोर्चात माईक माझ्या हातात असतो. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, शंभर सभांत मी ते दिलंय. त्या खाटेसमोर मी नकाशा बाजूला ठेवला. आई म्हणाली, पोरगी थकली, जेवू द्या तिला.

दुसऱ्या दिवशी तलावावर गेले. शेवटचं जाळं ओढायचं काम चाललं होतं. मधल्या खोलगटात थोडं पाणी उरलं होतं, बाकी भेगाळलेला गाळ. चिखलाचा वास, वर घिरट्या घालणारे बगळे, आणि बाया हातजाळ्या घेऊन गुडघाभर रुतलेल्या. सोमाभाऊ काठावर आले, हात गवताला पुसले, आणि विचारलं, रस्त्याची केस कुठवर आली. मी बसून सांगितलं. रस्ता निर्दोष आहे. आमची बांधी दोषी आहे. लहानपणीसारखं त्यांनी ऐकून घेतलं, पण निकाल दिला नाही. बराच वेळ जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. एखाद्याच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तसं मी काहीतरी काढून घेतलं होतं.

"रस्ताच राहू दे वो," ते म्हणाले. "रस्ता परका हाये. त्याच्यासंग भांडता येते. तुह्या बापासंग कसं भांडू? उद्या रोवण्याले हे बाई कोनाच्या बांधीत जाईन?"

कौसल्याबाई चिखलातून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्यांनी मला हात केला.

*

आमच्या गावात एक रीत आहे. तलावाचं शेवटचं जाळं ओढलं की पाळीखाली ज्यांचं शेत त्या प्रत्येक घरी ढिवरांकडून वाटा जातो. पळसाच्या पानात बांधलेले मासे. पाणी तुमचं नि आमचं एकच, असं त्यात असतं. का, कधीपासून, कुणी विचारत नाही. लहानपणी तो पुडा माझ्या हातावर मावायचा नाही.

त्या वर्षी आला तो मुठीएवढा. बोटाएवढे मासे आणि थोडे झिंगे. आईने कैरी घालून कालवण केलं. बाबांनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, यंदा बारीकच हायेत. बोलण्यात तक्रार होती. मी ताटाकडे बघत राहिले. अन्न टाकायचं नसतं, शिवाय तो वाटा परत करणं म्हणजे त्यांना हिणवणं. मी जेवले. कालवण चवदार झालं होतं, हेही सांगायला हवं.

मी ग्रामसभेत बोलले. सोमाभाऊंनी नको म्हटलं होतं तरी बोलले, कारण मला दुसरं काही येत नाही. नकाशा फ्लेक्सवर छापून आणला होता, तो वडाखाली बांधला. सांगितलं की माझं पत्रक चुकीचं आहे, रस्ता रेघेच्या बाहेर आहे, पाणी आमच्या बांधीत अडतंय. मग मागून कुणीतरी खोकलं. बाबा बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "पोरगी नागपूरले शिकली. आता बापाचं शेत आभायातून पाहून राह्यली." सगळे हसले. हसण्यात मोकळं वाटणं होतं. विषय संपला, एवढंच त्यांना हवं होतं.

तेव्हा सोमाभाऊ उठले. माझ्याकडे न बघता बोलले.

"नकाशाचं काय गा, वरून काढला हाये. वरून सारं सपाटच दिसते. रस्त्यानंच पानी अडवलं. लिहा."

लिहिलं गेलं. ठराव एकमताने. मजकूर माझ्याच पत्रकातला, उद्गारचिन्हांसकट.

मी त्या दिवशी खरं बोलले, याचा मला काडीचा अभिमान नाही. माझ्या खरेपणाची किंमत एका माणसाला भरसभेत खोटं बोलून द्यावी लागली. ज्याचं पाणी गेलं त्यालाच, ज्याने अडवलं त्याची अब्रू राखायला. आणि आम्ही बसून ती राखू दिली. माझ्या बापाने मान हलवली, एखाद्याने देणं परत केल्यावर हलवावी तशी.

*

पुढचं सांगायलाच हवं. ठरावाला यश आलं. रस्त्याच्या भरावाखाली दोन मोठे सिमेंटचे पाइप टाकले गेले. संघटनेने नवं पत्रक काढलं, लढा जिंकल्याचं. पाइपांपुढे उभं करून माझा फोटो काढला. मी फोटोत आहे. त्या पाइपांतून आमच्या तलावाला आजवर थेंब आलेला नाही, येणारही नाही, त्यांचा उतारच पलीकडे आहे. उन्हाळ्यात त्यात कुत्री सावलीला झोपतात.

पण त्या पावसाळ्यात तलाव अर्धा भरला. लोक म्हणाले, पाइपांनी काम केलं. मी पाऊस उघडल्यावर वरच्या बांधीकडे गेले तेव्हा पाळीला एक फाट दिसली. कुदळीने नीट कापलेली, कडा दाबून गुळगुळीत केलेल्या. बोडी भरून वरचं पाणी त्यातून खाली जात होतं. बाबांनी घरी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, झालं. माझा बाप मोठा माणूस आहे, असं वाटून मला रडू आलं.

पुढच्या वर्षी पाऊस ओढला आणि फाट बुजली. त्याच्या पुढच्या वर्षी उघडली. मग पुन्हा बुजली. आता गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. जोरदार पाऊस झाला की सोमाभाऊ कुठल्यातरी कामाने आमच्या घरी येतात, खाटेशी जमिनीवर बसतात, धानाच्या भावाचं बोलतात, गाईचं बोलतात. पाण्याचं बोलत नाहीत. बाबा चहा सांगतात. कधी दुसऱ्या दिवशी फाट उघडते. जे पाणी उतारानेच त्यांचं होतं, ते आता आमच्या मर्जीने जातं. मला वकीलबाई म्हणणं त्यांनी त्या सभेनंतर बंद केलं. आता ताई म्हणतात. वयाने बापाएवढा माणूस.

यावर मी पत्रक लिहायला बसले आहे, कितीदा तरी. मथळ्यात चोराचं नाव टाकायचं असतं.

आणि शिकवणं चालू आहे. परवाच एका गावात खळगे बुजवायची पायरी आली. एका बाईंनी विचारलं, आमचा तलाव कुठी गेला वो? मी सवयीने म्हटलं, हिशेबापुरतं आहे, खरं कुणी बुजवत नाही. बोलून गेले आणि पुढचं बटण दाबायला मला वेळ लागला.

*

काल फळीवरून परत येत होते. पुड्यांच्या चौकटी तांबूस झाल्या आहेत, म्हणजे हंगाम संपत आला. तलावाचं शेवटचं जाळं सकाळी ओढलं होतं. यंदा फाट बुजलेलीच होती. सोसायटीतली आता मोजकी घरं उरली आहेत. जाळं ओढायला हात कमी पडले म्हणून शेजारच्या गावातून माणसं आणली, असं ऐकलं. घरी पोचले तर खाटेवरून बाबांनी मला पहिला प्रश्न केला तो हाच, सोमाकडून वाटा नाई आला काय अजून?

मी काही बोलायच्या आत फाटकाशी कौसल्याबाई उभ्या होत्या. डोक्यावर टोपली, पदर खोचलेला, पोटरीपर्यंत वाळलेला चिखल. अजून बरीच घरं फिरायची होती, आत यायला नको म्हणाल्या. टोपलीतून पळसाच्या पानाचा पुडा काढून माझ्या ओंजळीत ठेवला. इतका हलका की आधी मला तो रिकामाच वाटला. माझा चेहरा त्यांनी बघितला असावा.

"थोडेच हायेत वो," त्या म्हणाल्या. "पन वाटा काई चुकवला नाई आमी."

टोपली सावरत त्या पुढच्या घराकडे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. पानांच्या जोडातून माशांचं पाणी गळत होतं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत येऊन थेंबथेंब जमिनीवर पडत होतं. गावातला सिमेंटचा रस्ता उंच झाल्यापासून आमच्या अंगणाला उतार घराकडे आहे. ते एवढंसं पाणी धुळीतून वाट काढत आत निघालं, आमच्या उंबऱ्याकडे.